आयकराला मुलं दिसत नाहीत, योजनांना अख्खं घर दिसतं. मधल्या मध्ये कोण अडकतं?

एकाच सोसायटीतली दोन घरं डोळ्यांसमोर आणा. दोन्ही घरांत पगाराचे वर्षाला २० लाख रुपये येतात. दोन्ही घरांत दोन-दोन मुलं, एकाच शाळेत जाणारी. फी सारखी, स्कूल बसचं भाडं सारखं, क्लासचा खर्चही थोडाफार इकडेतिकडे.

तरीही एका घराचा आयकर शून्य आणि दुसऱ्या घराचा १,९२,४०० रुपये.

यात कुणी काही लपवलेलं नाही. दोन्ही घरांनी प्रामाणिकपणे रिटर्न भरलंय. फरक एवढाच, की पहिल्या घरात नवरा-बायको दोघंही १०-१० लाख कमावतात आणि दुसऱ्या घरात एकच जण २० लाख कमावतो.

आता याच सोसायटीच्या गेटबाहेर या. तिथे रिक्षा चालवणाऱ्या एका कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २ लाख ६० हजार आहे. घरात तीन मुलं. या घराला आयकर भरायचा प्रश्नच येत नाही. पण ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये घरातल्या आईला नियमाप्रमाणे मिळणार नाहीत, कारण कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं.

आयकर मोजताना सरकार एकेक माणूस बघतं. योजना देताना तेच सरकार अख्खं कुटुंब बघतं. आणि त्या घरात मुलं किती, हा प्रश्न दोन्हीकडे जवळपास विचारलाच जात नाही. याचा मुलं असलेल्या घरांवर काय परिणाम होतो, ते आकड्यांसकट समजून घेऊया.

(या लेखातलं करांचं गणित २०२५-२६ या आर्थिक वर्षाचं आहे. कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होत असल्याने हे क्रमांक बदलतात.)

२० लाखांचं गणित नेमकं कसं होतं?

नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १० टक्के, १२ ते १६ वर १५ टक्के, १६ ते २० वर २० टक्के, २० ते २४ वर २५ टक्के आणि त्यापुढे ३० टक्के. पगारदारांना आधी ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. शिवाय करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर कलम ८७ए मुळे सगळा कर माफ होतो. म्हणूनच ‘पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स नाही’ असं आपण ऐकतो.

पहिलं घर: दोघांचाही पगार १०-१० लाख. स्टँडर्ड डिडक्शननंतर प्रत्येकाचे ९ लाख २५ हजार. दोघंही १२ लाखांच्या आत, त्यामुळे घराचा एकूण कर शून्य.

दुसरं घर: एकाचाच पगार २० लाख. डिडक्शननंतर १९ लाख २५ हजार. ४ ते ८ च्या टप्प्यावर २० हजार, पुढच्या टप्प्यावर ४० हजार, त्यापुढे ६० हजार आणि शेवटच्या सव्वातीन लाखांवर ६५ हजार. एकूण १ लाख ८५ हजार, त्यावर ४ टक्के सेस. झाले १,९२,४०० रुपये.

हेच आणखी ताणून बघा. दोघांनी प्रत्येकी पावणेतेरा लाख कमावले, तर घरात साडेपंचवीस लाख येऊनही कर शून्य. तेवढेच पैसे एकाने कमावले, तर कर ३,३५,४०० रुपये.

कारण आपल्याकडे आयकराचं एकक ‘व्यक्ती’ आहे. नवरा-बायकोला एकत्र रिटर्न भरण्याची सोय नाही. कमावणाऱ्याने आपले पैसे बायकोच्या नावावर गुंतवले, तरी त्यावरचं व्याज ‘क्लबिंग’च्या नियमाने पुन्हा त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. म्हणजे पगार वाटून घेऊन कर वाचवायचा रस्ताही बंद.

सगळ्यात जास्त फटका बसतो तो एकट्या पालकाला. नवरा गेल्यावर दोन मुलांना एकटीने वाढवणारी आई २० लाख कमावत असेल, तर तिलाही तेवढाच १,९२,४०० रुपये कर आहे. एकही मूल नसलेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसालाही तेवढाच. तिच्या पगारावर तीन माणसं जगतात, हे कायद्याच्या हिशोबात कुठेच येत नाही.

अर्थात, दुसरी बाजूही आहे. दोघं कमावतात त्या घराला पाळणाघर, डे-केअर, घरकामाची बाई असे खर्च येतात. पाळणाघराच्या फीवर करात एक रुपयाचीही सवलत नाही. एकजण घरी असेल तर ते काम घरातलंच माणूस करतं, बहुतेक वेळा आई, आणि तेही बिनपगारी. त्यामुळे दोन्ही घरं ‘सारखी’ आहेत असं म्हणणंही पूर्ण बरोबर नाही. पण हा फरक कायद्याने मोजून ठरवलेला नाही. एकक ‘व्यक्ती’ धरल्यामुळे तो आपोआप पडलाय.

पण मुलांच्या नावाने सवलती होत्या ना?

होत्या, आणि जुन्या करप्रणालीत अजूनही आहेत. पण त्यांची किंमत किती, ते बघा.

पहिली सवलत ‘चिल्ड्रन एज्युकेशन अलाउन्स’. कंपनीने पगारात हा भत्ता दिला, तर दर मुलामागे महिन्याला १०० रुपये करमुक्त, तेही जास्तीत जास्त दोन मुलांसाठी. हॉस्टेलचा भत्ता असेल तर मुलामागे महिन्याला ३०० रुपये.

दोन मुलांचे १०० रुपये म्हणजे वर्षाचे २,४००. हे २,४०० रुपये करातून वजा होत नाहीत, उत्पन्नातून होतात. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर प्रत्यक्षात वाचतात सुमारे ७४९ रुपये. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ४९९. दोन मुलांच्या वर्षभराच्या शिक्षणासाठी. एवढ्यात आज एका मुलाचं दप्तर येईल की नाही, सांगता येत नाही.

दुसरी सवलत कलम ८०सी ची. यात दोन मुलांपर्यंतची ट्युशन फी धरता येते. ट्युशन फी म्हणजे शाळा-कॉलेजची शिकवणी फी. डोनेशन, डेव्हलपमेंट फी, बस किंवा खासगी क्लास त्यात बसत नाहीत. पण ८०सी ची एकूण मर्यादा दीड लाख आहे आणि ती २०१४ पासून तिथेच आहे. त्याच दीड लाखांत तुमचा पीएफ, एलआयसी, पीपीएफ, गृहकर्जाची मुद्दल आणि मुलीच्या नावाची सुकन्या समृद्धीसुद्धा कोंबायची. अनेक पगारदारांचा बराचसा कोटा पीएफमध्येच संपतो.

यातली खरी मेख वेगळी आहे. अशा वजावटी जास्त कमावणाऱ्याला जास्त देतात. पूर्ण दीड लाख वापरले, तर ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे ४६,८०० रुपये वाचतात. २० टक्क्यांच्या टप्प्यात ३१,२००. आणि ज्याचा करच लागत नाही, त्याचे शून्य. मुलाची फी दोघांनीही भरली, पण मदत मिळाली ती ज्याला कमी गरज होती त्याला.

आता नव्या करप्रणालीकडे या. तिथे ट्युशन फी नाही, एज्युकेशन अलाउन्स नाही, सुकन्या समृद्धीची वजावट नाही, शैक्षणिक कर्जाच्या व्याजाचं कलम ८०ई नाही. त्या बदल्यात कमी दर आणि कमी कटकट. २०२३-२४ पासून हीच प्रणाली ‘डिफॉल्ट’ आहे. ३१ जुलै २०२४ पर्यंत आलेल्या ७.२८ कोटी रिटर्नपैकी ५.२७ कोटी, म्हणजे ७२ टक्के, नव्या प्रणालीत होते. त्यानंतर १२ लाखांची करमाफी आली, त्यामुळे नव्या प्रणालीकडचा ओढा आणखी वाढणार हे उघड आहे.

थोडक्यात, मुलांच्या नावाने असलेल्या तुटपुंज्या सवलती ज्या खोलीत ठेवल्यात, त्या खोलीतून बहुतेक लोक बाहेर पडलेत.

मूल कमावतं तेव्हा मात्र कायद्याला दिसतं

आयकर कायद्याला मूल अजिबातच दिसत नाही, असंही नाही. आजोबांनी नातवाच्या नावावर एफडी केली आणि तिचं व्याज आलं, तर ते व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. जुन्या प्रणालीत यातले मुलामागे वर्षाला १,५०० रुपये सोडले जातात. नव्या प्रणालीत तेही नाहीत. मुलाने स्वतःच्या कलेवर किंवा मेहनतीवर कमावलेलं असेल, म्हणजे एखाद्या मालिकेत काम केलं वगैरे, तर ते उत्पन्न त्याचं स्वतःचं धरतात.

म्हणजे मुलाच्या नावावर पैसे आले की कायदा त्याला आई-वडिलांच्या खात्यात मोजतो. मुलावर पैसे खर्च झाले की ते मूल आई-वडिलांच्या खात्यातून गायब होतं.

‘कुटुंब’ ही कल्पना कायद्याला परकी आहे, असंही म्हणता येत नाही. हिंदू अविभक्त कुटुंब, म्हणजे एचयूएफ, हे आयकरात स्वतंत्र करदाता मानलं जातं. पण त्याचा उपयोग वडिलोपार्जित मालमत्ता किंवा कौटुंबिक धंदा असलेल्यांना. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला तो नाही, कारण पगार एचयूएफच्या नावावर दाखवता येत नाही.

योजनांचं गणित उलटं

आता दुसऱ्या टोकाला येऊ. योजनांसाठी अर्ज भरला असेल तर तुम्हाला माहीत आहे, पहिला प्रश्न ‘कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न किती?’ हाच असतो. पण ‘किती’ची रेघ प्रत्येक योजनेत वेगळी आहे.

• अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य गटाचं रेशन: महाराष्ट्रात शहरात ५९ हजार, ग्रामीण भागात ४४ हजार.

• केशरी रेशन कार्ड: १ लाखापर्यंत. पिवळं कार्ड त्याहून कितीतरी खाली, १५ हजारांपर्यंत.

• आरटीईतून खासगी शाळेत २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश: आर्थिक दुर्बल गटासाठी १ लाखापर्यंत.

• लाडकी बहीण: अडीच लाखांपर्यंत.

• प्रधानमंत्री मातृवंदना योजना: पात्रतेचा एक निकष ८ लाखांपेक्षा कमी उत्पन्न.

• व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींना १०० टक्के शुल्कमाफी: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींसाठी ८ लाखांपर्यंत.

यातून मुलांपर्यंत पोचतं काय? पहिल्या बाळंतपणासाठी मातृवंदना योजनेत ५ हजार रुपये मिळतात. दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातच बाळंतपणासाठी किमान ६ हजारांची तरतूद आहे. म्हणजे दहा वर्षांहून जास्त काळ रक्कम तिथल्या तिथेच घुटमळतेय.

राज्याची ‘लेक लाडकी’ योजना १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे, तीही फक्त पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांसाठी. जन्माला ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५ हजार. एकूण १ लाख १ हजार. ऐकायला भरभक्कम. पण १८ वर्षांत वाटून बघितलं, तर महिन्याला साधारण ४६८ रुपये. त्यातही मुलगी मोठी होत असताना, म्हणजे खर्च चालू असताना, हातात येतात ते एकूण २६ हजारच.

उत्पन्न न विचारता मिळणाऱ्या गोष्टीही आहेत. अंगणवाडीतला आहार आणि सरकारी-अनुदानित शाळेतला पोषण आहार. मूल तिथे जातंय, एवढीच अट. पण तिथलं बजेट बघा. अंगणवाडीतल्या मुलाच्या आहाराचा दर २०१७ मध्ये दिवसाला ८ रुपये ठरला. तो वाढवण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. शाळेतल्या पोषण आहाराचा साहित्य खर्च १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे. तांदूळ-गहू वेगळे मिळतात. डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला आणि गॅस यांचा खर्च एवढ्यात भागवायचा.

एका रुपयाने १८ हजार जातात

आता अडीच लाखांच्या रेघेकडे परत जाऊ, कारण आयकर आणि योजना यांच्यातला सगळ्यात मोठा फरक तिथे दिसतो.

लाडकी बहीण योजनेचे वर्षाला १८ हजार होतात. समजा घराचं उत्पन्न २ लाख ४५ हजार आहे. वडिलांनी रात्रीच्या जादा फेऱ्या मारून वर्षात १० हजार जास्त कमावले. उत्पन्न झालं २ लाख ५५ हजार. आईचे १८ हजार बंद. म्हणजे १० हजार जास्त कमावून घर ८ हजारांनी मागे गेलं.

आयकरातही अशीच रेघ आहे, १२ लाखांची. पण तिथे कायद्याने काळजी घेतलीय. करपात्र उत्पन्न १२ लाख असेल तर कर शून्य. ते १२ लाख १० हजार झालं, तर साध्या हिशोबाने ६१,५०० रुपये कर लागायला हवा. पण ‘मार्जिनल रिलीफ’ नावाची तरतूद म्हणते, की रेघेच्या वर जेवढं कमावलं त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. म्हणून कर फक्त १० हजार आणि त्यावरचा सेस.

१२ लाख कमावणाऱ्याने रेघ ओलांडली तर त्याला सावरायला कायद्याने जाळी लावलीय. अडीच लाख कमावणाऱ्याने रेघ ओलांडली तर खाली काहीच नाही.

आणि ही रेघ मुलांची संख्या बघत नाही. लाडकी बहीणच्या नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. मूल नसलेलं जोडपं २ लाख ४० हजारांत राहत असेल, तर माणशी १ लाख २० हजार. ते पात्र. तीन मुलांचं कुटुंब २ लाख ६० हजारांत राहत असेल, तर माणशी ५२ हजार. ते अपात्र. माणशी निम्म्याहून कमी पैसे असलेलं घर बाहेर आणि दुसरं आत.

दुसरी अट आयकराची. कुटुंबातला कुणीही आयकरदाता असेल, तर ती महिला अपात्र. ‘पीएम किसान’मध्येही असंच आहे, तिथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं, आणि मागच्या वर्षी आयकर भरलेला असेल तर ६ हजार रुपये मिळत नाहीत. आयकर भरताना प्रत्येक माणूस वेगळा असतो. पण त्याचा शिक्का योजनेत घरातल्या दुसऱ्या माणसाच्या अर्जावर बसतो.

प्रत्यक्षात यात बरीच सरमिसळ आहे. लाडकी बहीणसाठी पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नव्हता, त्यामुळे कागदावरचं आणि खरं उत्पन्न यांची गाठ पडेलच असं नाही. नंतर पडताळणी सुरू झाली. जून २०२५ पासून २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचे पैसे थांबवल्याचं राज्य सरकारनेच जाहीर केलं. त्यात नियम डावलून पैसे घेणारे होते, हे खरंच. पण उत्पन्न रेघेच्या आसपास खालीवर होणाऱ्या घरासाठी ‘आज पात्र, उद्या अपात्र’ ही टांगती तलवार कायम आहे. ज्याचं उत्पन्न दर महिन्याला बदलतं, त्याने वर्षाचा कोणता आकडा छातीठोकपणे सांगायचा?

मग मधल्या घरांचं काय?

आता वर्षाला ५ लाख कमावणारं कुटुंब घ्या. वडील गोदामात सुपरवायझर, आई घरी, दोन मुलं. त्यांना आयकर नाही, म्हणून करातली कुठलीही सवलत त्यांच्या कामाची नाही. १२ लाखांची करमाफी जाहीर झाली तेव्हा या घरात काहीच बदललं नाही, कारण आधीही कर शून्यच होता. दुसरीकडे केशरी कार्ड नाही, आरटीईत बसत नाहीत, लेक लाडकी नाही, लाडकी बहीण नाही. बाळंतपणाचे ५ हजार एकदा मिळू शकतात आणि मुलगी इंजिनिअरिंगला गेली, तर प्रवर्गाप्रमाणे फी माफ होऊ शकते. मधली पंधरा-सोळा वर्षं, म्हणजे दूध, शाळा, वह्या, दवाखाना, सगळं आपल्या आपण.

करात सवलत मिळायला हे घर फार कमी कमावतं आणि योजनेत नाव यायला फार जास्त.

आणि हे घर कर भरत नाही, हेही खरं नाही. आयकर शून्य असला तरी जीएसटी सगळेच भरतात. मुलाच्या डायपरपासून बुटांपर्यंत. म्हणून २२ सप्टेंबर २०२५ ची जीएसटी कपात या घरांसाठी आयकराच्या घोषणेपेक्षा जास्त कामाची ठरते. वह्या, पेन्सिली, शार्पनर, खोडरबर यांवरचा कर शून्य झाला. डायपर आणि दुधाच्या बाटल्या १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्या. वाचलेली रक्कम छोटी आहे, पण ती मिळवायला दाखला लागत नाही आणि रेघही नाही.

पैसे कुठे जातात, तेही एकदा शेजारी ठेवून बघा. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आयकराच्या सवलतींमुळे साधारण १ लाख कोटींचा महसूल सोडल्याचं अर्थमंत्र्यांनी सांगितलं. त्याच वर्षासाठी महाराष्ट्राने लाडकी बहीणसाठी ३६ हजार कोटी ठेवले. दोन्ही निर्णयांमागे आपापली कारणं आहेत. पण दोन्हींपैकी एकही पैसा घरात मूल आहे म्हणून वाटला गेलेला नाही.

बाकीचे देश काय करतात?

फ्रान्समध्ये कर कुटुंबाचा मोजतात. घराचं उत्पन्न ‘वाट्यां’मध्ये विभागतात. नवरा-बायकोचा एकेक वाटा, पहिल्या दोन मुलांचा अर्धा-अर्धा आणि तिसऱ्या मुलापासून पुढे एकेक. जितकी मुलं जास्त, तितका कर कमी. या फायद्याला वरची मर्यादाही आहे.

ब्रिटनमध्ये कर आपल्यासारखाच व्यक्तीचा. पण मुलांसाठी ‘चाइल्ड बेनिफिट’ म्हणून थेट पैसे मिळतात. आई किंवा वडिलांपैकी एकाचं उत्पन्न ६० हजार पौंडांच्या वर गेलं, की ते हळूहळू परत घ्यायला सुरुवात होते आणि ८० हजारांवर पूर्ण परत जातात. मग तिथेही आपल्या सोसायटीतलीच गंमत होते. दोघं ५९-५९ हजार कमावत असतील तर सगळे पैसे मिळतात. एकटा ८० हजार कमावत असेल तर काहीच नाही. पण एक गोष्ट बघा, तिथे मदत एका झटक्यात बंद होत नाही, उतारावरून जावी तशी कमी होते.

म्हणजे कुठलीच पद्धत निर्दोष नाही. पण या दोन्ही देशांत ‘घरात मुलं किती?’ हा प्रश्न निदान विचारला जातो.

मग आपल्याकडे काय करता येईल?

पहिला पर्याय, नवरा-बायकोला एकत्र रिटर्न भरू देणं. चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था ‘आयसीएआय’ने २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी ही सूचना केली होती. यातून एकाच्या पगारावर चालणाऱ्या घरांचा अन्याय कमी होईल. पण फायदा १२ लाखांच्या वर कमावणाऱ्यांनाच. शिवाय एकत्र हिशोबात बायकोच्या पहिल्या रुपयालाही नवऱ्याच्या वरच्या टप्प्याचा दर लागू शकतो. ‘एवढा टॅक्स जातोय तर नोकरी कशाला करतेस?’ हा प्रश्न आपल्या घरांमध्ये कुणाला विचारला जाईल, हे वेगळं सांगायला नको. आणि एकट्या आईला यातून काहीच मिळत नाही.

दुसरा पर्याय, नव्या प्रणालीत मुलामागे वजावट. ही एकट्या पालकालाही मिळेल, पण वर पाहिलं तसं, करच नसलेल्या घरापर्यंत ती पोचणार नाही.

तिसरा पर्याय, मुलाच्या नावाने थेट महिन्याची रक्कम. असं काही आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठी राज्याच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. तिथे हिशोबाचं एकक मूलच आहे. हे सगळ्या मुलांना लागू करायचं तर खर्च प्रचंड. पण पहिल्या सहा वर्षांपुरतं, थोड्या रकमेने सुरू करता येईल का, ही चर्चा तरी व्हायला हवी.

आणि चौथा पर्याय सगळ्यात कमी खर्चाचा: रेघांच्या जागी उतार. करदात्याला जसा मार्जिनल रिलीफ मिळतो, तसाच योजनांमध्येही देणं. अडीच लाखांच्या वर गेलेल्या घराचे १,५०० रुपये एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने कमी करणं. रेघ माणशी उत्पन्नावर ठरवणं, म्हणजे तीन मुलांचं घर आणि मूल नसलेलं घर एकाच मापाने मोजलं जाणार नाही. आणि या रेघा महागाईप्रमाणे दरवर्षी हलवणं. केशरी कार्डाची १ लाखाची मर्यादा दोन दशकांहून जास्त काळ जागची हललेली नाही.

१२ लाखांच्या रेघेवर पडझड होऊ नये म्हणून जे गणित सरकारने बसवलं, तेच गणित अडीच लाखांच्या रेघेवर बसवायला नवा शोध लावावा लागत नाही.

तुमच्या घरासाठी थोडक्यात

• पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल, तर नव्या प्रणालीत कर शून्य. मुलांची फी दाखवण्यासाठी जुनी प्रणाली निवडायची गरज नाही.

• त्याहून जास्त पगार असेल, तर घरभाडं, गृहकर्जाचं व्याज, ८०सी आणि आरोग्य विमा हे सगळं एकत्र धरून दोन्ही प्रणालींत हिशोब करून बघा. फक्त ट्युशन फीच्या भरवशावर जुनी प्रणाली सहसा परवडत नाही.

• जुन्या प्रणालीत असाल, तर दोन मुलांची मर्यादा आई-वडील प्रत्येकाला वेगळी आहे. ज्याने फी भरली त्याला वजावट मिळते. त्यामुळे पावती आणि पेमेंट कुणाच्या नावावर आहे ते बघा.

• पहिलं बाळंतपण असेल किंवा दुसरी मुलगी झाली असेल, तर मातृवंदना योजनेबद्दल अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारा. ८ लाखांची मर्यादा असल्यामुळे ‘आपण यात बसत नाही’ असं समजून अनेक घरं अर्जच करत नाहीत.

• पिवळं किंवा केशरी कार्ड आहे आणि १ एप्रिल २०२३ नंतर मुलगी झालीय? ‘लेक लाडकी’चा अर्जही अंगणवाडीतूनच होतो.

• मुलीला व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचाय? प्रवेशाआधी उत्पन्नाचा आणि प्रवर्गाचा दाखला तयार ठेवा. तहसीलमध्ये ऐन जूनमध्ये गर्दी होते.

पुढच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर ‘मध्यमवर्गाला दिलासा’ची पट्टी फिरेल, तेव्हा दोन प्रश्न विचारून बघा. हा दिलासा माणसाला मिळालाय की घराला? आणि त्या घरात मुलं किती, हे कुणी मोजलंय का?